ताथोड सरांची फारसी

ताथोड सर वर्गात आले की फळ्याकडे जाण्याआधी पश्चिमेची खिडकी लावून घेत. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला यातला जुलूम वेगळा सांगायला नको. आमच्या शाळेवर टिनं होती. खिडकी उघडी असली तर निदान झळ तरी आतबाहेर हलायची. पण त्या खिडकीतून पटांगणापलीकडचा संस्कृतचा वर्ग दिसे आणि तिथली बाकं गच्च भरलेली असत. आमच्या फारसीच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी. तिकडून एका सुरातलं पाठांतर ऐकू आलं की सरांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगे. "घोका लेकहो, घोका," असं पुटपुटत ते कडी घालत, उपरण्यानं मान पुसत आणि आम्हाला म्हणत, "हां. आता आपन मानसावानी शिकू."

माणसं एकमेकांच्या जमिनीवर जळतात, पगारावर जळतात, सुनांवर जळतात. ताथोड सर भाषेवरून जळत. फारसी ही आपल्या घरची वस्तू आहे आणि सगळं जग ती पळवायला टपलेलं आहे, अशा थाटात त्यांचा सगळा जन्म गेला. संस्कृतवाल्यांवर ते जळत, फारसी येणाऱ्या दुसऱ्या कोणावरही जळत आणि आम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणी दुसरीकडून चार शब्द शिकून आला तर त्याच्यावरही जळत.

पुंजाजी ताथोड हे त्यांचं पूर्ण नाव. तेल्हाऱ्याकडचे कुणबी. घरी काळी जमीन, कपाशी, दोन भाऊ शेती वाहणारे. सरांचे हातही वखर धरणाऱ्याचेच होते, रुंद आणि खरबरीत. ते हात उजवीकडून डावीकडे फळ्यावर फारसी अक्षरं काढू लागले की मी लिहायचं सोडून नुसती बघत बसे. लहानपणी त्यांच्या गावात एक म्हातारे मुनशी राहत. मोगलाईतले जुने कागद वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडे येत. पुंजाजी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागला आणि कागद वाचता वाचता भाषाच उचलून घरी घेऊन आला. घरच्यांनी आधी हसून घेतलं, मग कपाळाला हात लावला, मग नाद सोडला.

मी त्यांच्या तावडीत सापडले ते आठवीत जाताना. महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. उन्हाळ्याची सुटी संपत आली की सर सायकलवर टांग मारून गावभर फिरत आणि ज्यांची मुलं आठवीत जाणार त्यांच्या दारात उभे राहत. संस्कृतच्या सरांना असं कधी फिरावं लागलं नाही. आमचे बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या होत्या आणि मुलीला शिकवायचं हे बाबांनी पक्कं ठरवलं होतं. संस्कृतच्या वर्गात मला कोणी नको म्हटलं नसतं बहुतेक. पण ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. ताथोड सर मात्र दारात आले, ओसरीवर बसले, आईनं दिलेलं पाणी गटागटा प्याले आणि बाबांना म्हणाले, "पोरगी मले द्या."

बाबा विचारात पडले. "पन सर, फारसी त मुसलमानाची ना?"

"भाषा कोनाच्या बापाची नसते, नानाजी. जो शिकन त्याची."

पुढं किती तरी वर्षं मला या वाक्याचं हसू येत असे. कारण भाषा कोणाच्या बापाची नसते असं म्हणणारा हा माणूस तिच्यावर बापासारखाच पहारा देत होता.

वर्गात मी एकटी मुलगी. पहिल्या बाकावर मला एकटीला बसवलेलं आणि मागं सगळे मुलगे, त्यांत बरेचसे मुसलमान घरांतले. सर कोणाचं सहसा कौतुक करत नसत. वाचन चांगलं झालं की "हं, जमून राहिलं" एवढंच म्हणत आणि चुकलं की "काहून वं, झोप लागली काय?" असं विचारत. नववीच्या सहामाहीत मी सगळ्या विषयांत पहिली आले तेव्हा संस्कृतच्या सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. ते विद्वान होते आणि स्वभावानंही वाईट नव्हते. म्हणाले, "मुली, तुझी बुद्धी चांगली आहे. अजून वेळ गेलेली नाही, संस्कृत घे. मी हेडमास्तरांशी बोलतो." मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात मागून ताथोड सर खडूची पेटी घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आता दिसली व्हय तुमाले?" ते म्हणाले. "हेच पोरगी तुमच्या दारावरून गेली तवा काहून नाही हाक मारली?"

संस्कृतचे सर निघून गेले. वर्गात आल्यावर सरांनी खिडकी लावली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "जाशीन काय वं तिकडं?" मी नाही म्हटलं, पण म्हणायला जरा उशीर केला. तेवढा उशीर त्यांनी बरोबर टिपला. पुढं बरेच दिवस वाचायला माझं नाव घेतलं नाही, मी हात वर केला तरी त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या बाकांवर जाई. एवढा मोठा माणूस पोरीवर रुसतो, याचं घरी आईला फार नवल वाटलं.

मॅट्रिकला फारसीचा एक पेपर सगळ्यांसाठी असे आणि एक वरचा, ज्याला हवा त्यानं घ्यायचा. वरच्या पेपरात कविता होती. ती नुसती समजून चालत नसे, परीक्षकासमोर मोठ्यानं म्हणून दाखवावी लागे. आमच्या शाळेतून तो पेपर कोणी घेतलेला नव्हता. मला मात्र तो घेणं भाग होतं. बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "शिष्यवृत्ती भेटली त अमरावतीले कालेजात धाडतो. नाही त इथंच ट्रेनिंग कर आन् शाळेवर लाग." शिष्यवृत्ती मिळायची तर वरचा पेपर उत्तम जायला हवा होता. मला कॉलेजात जायचं होतं. त्या वयात एखादी गोष्ट जेवढी हवी असू शकते, तेवढं मला ते हवं होतं.

सर खूश झाले. शाळा सुटल्यावर मला आणि ऐकायला बसतील त्या मुलांना कविता शिकवू लागले. अर्थ असा फोड करून सांगत की दोन ओळींत माणूस उभा राही. पण ते कविता वाचू लागले की पंचनामा ऐकतोय असं वाटे. त्यांच्या मुनशींनी त्यांना दस्तऐवज शिकवले होते. कविता त्यांनी डोळ्यांनी वाचली होती, कानांनी कधी ऐकलीच नव्हती. एकदा ते असे वाचत असताना रफीक नावाचा मुलगा खुदकन हसला. त्याच्या घरी मोठी माणसं संध्याकाळी शेर म्हणत बसत. सर रागावले नाहीत. पुस्तक त्याच्या पुढं सरकवून म्हणाले, "म्हन, कसं म्हनतात ते." रफीकनं त्याच ओळी हेलकावे देत म्हटल्या. तो थांबल्यावर सरांनी पुस्तक मिटलं. मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आज एवढंच."

पुढं काय करायचं, हे त्यांना माहीत होतं आणि तेच त्यांना नको होतं. अमरावतीला नागपुरी गेटाजवळ एक मौलवीसाहेब राहत. वऱ्हाडात फारसीचं नाव निघालं की लोक त्यांचंच नाव घेत. शाळातपासणीला आलेला साहेबसुद्धा ताथोड सरांच्या तोंडावर म्हणे, "फारसी म्हणजे अमरावतीचे मौलवीसाहेब!" सरांनी त्या माणसाला पाहिलं नव्हतं, तरी इतकी वर्षं त्याच्यावर मनापासून जळत आले होते. त्याचं नाव त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. ते "तो अमरावतीवाला" एवढंच म्हणत.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले. चहाला नाही म्हणाले, तेव्हाच आईला काही तरी बिनसल्याचं कळलं. बराच वेळ ओसरीच्या खांबाकडे पाहून ते बाबांना म्हणाले, "रविवारी पोरीले अमरावतीले न्या लागते. त्या... मौलवीकडं." बाबांना रविवारीही मालधक्क्यावर जावं लागे. तसं त्यांनी सांगितलं. सर पुन्हा खांबाकडे पाहत बसले. शेवटी घरची दुभती म्हैस विकायचं कबूल करणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "मंग म्याच नेतो."

पहिल्या रविवारी पहाटेच्या पॅसेंजरमध्ये बसल्या बसल्या त्यांनी मला बजावलं. "एक आयक. तो काय शिकवते, कसं शिकवते, मले काही सांगू नोको. तिथलं काहीच सांगू नोको. कधीच."

"हो सर."

"हो म्हनशीन आन् बडनेरा याच्या आत सुरू व्हशीन."

"नाही सर."

मौलवीसाहेबांचं घर बोळात होतं. पुढची खोली, तिची खिडकी बोळाकडे, आणि समोर एक कडूनिंब, त्याला दगडी पार. सरांनी मला दारापर्यंत आणलं, कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत वळून पारावर जाऊन बसले. आत एका कोपऱ्यात मौलवीसाहेबांच्या पत्नी, ज्यांना मी पुढं खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागले, तांदूळ निवडत होत्या. मौलवीसाहेब कृश, गोरटेले, दाढी पांढरी. त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी सरांनी शिकवलं तसं वाचलं. डोळे मिटून ऐकता ऐकता ते म्हणाले, "बेटी, ये नज्म है या अदालत का समन?"

मला रडू कोसळलं. माझ्यासाठी नाही, बाहेर बसलेल्या माणसासाठी. मौलवीसाहेब घाबरले. त्यांनी मला अर्थ विचारले, वाक्यं फोडायला लावली, इकडून तिकडून खोदून पाहिलं. मी कुठंच अडले नाही. "बुनियाद किसने डाली?" त्यांनी विचारलं. मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्यांनी मान लांब करून पाराकडे पाहिलं. मग खालांना चहा करायला सांगितला आणि एक कप माझ्या हाती देऊन बाहेर पाठवलं.

"मले चहा चालत नाही," सर म्हणाले. शाळेच्या मधल्या सुटीत हा माणूस बशीवर बशी रिचवत असे. मी कप तसाच परत आत नेला. पुढच्या रविवारी गेले तर माझी बसायची जागा बदललेली होती. सतरंजी खिडकीला लागून अंथरली होती आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडी होती. "खिडकी की तरफ मुँह करके पढो बेटी, और जरा जोर से," मौलवीसाहेब म्हणाले. "बाहर भी कोई सुन रहा है."

तेव्हापासून ते प्रत्येक ओळ दोनदा म्हणत. एकदा माझ्याकडे पाहून, एकदा निंबाकडे पाहून, मोठ्यानं. पारावर सर छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसलेले असत. आपण काही ऐकत नाही, हे दाखवायला ते सारखे बोळातल्या बकऱ्यांकडे बघत. पण सोमवारी शाळा सुटल्यावर तीच कविता आम्हाला त्याच चालीत शिकवत. आवाज जरा ताठर असे, पण चाल चुकत नसे. "हे असं म्हनतात," असं सांगून पुढं सरकत. रफीक माझ्याकडे बघे. मी पुस्तकात बघे.

परतीच्या गाडीत ते मला एकच विचारत, "भाकर खाल्ली काय?" आईनं बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा आम्ही वाटून खात असू. एकदा मात्र मूर्तिजापूर मागं पडल्यावर त्यांना राहवलं नाही.

"त्याच्या घरात पुस्तकं लय हायत काय?"

"सर, तुम्हीच म्हणाला होतात..."

"हां, हां. नोको सांगू." आणि अकोला येईपर्यंत ते खिडकीबाहेर वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या बघत राहिले.

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार मला नीट आठवतो. ऊन चटके देऊ लागलं होतं. निंबाची पानं गळालेली, जी काही सावली होती ती पाराच्या पलीकडच्या अंगाला सरकली होती. तिकडं बसलं असतं तर खिडकीतलं ऐकू आलं नसतं. सर उन्हातच बसून राहिले. छत्री उघडायचंही त्यांना सुचलं नाही. मौलवीसाहेबांचं शिकवणं मध्येच थांबलं. ते बराच वेळ बाहेर पाहत होते. मग हळू म्हणाले, "मेरे उस्ताद ने मेरे लिए कभी धूप नहीं खाई. मुझे तुझसे जलन होती है, बेटी." थोड्या वेळानं म्हणाले, "और उनसे भी. ऐसी शागिर्द उनको मिली."

मला वाटलं, असंच उठावं आणि पारापर्यंत पळत जाऊन सरांना हे सांगावं. गाडीत मी पुन्हापुन्हा तोंड उघडलं. उघडलं की ते हात वर करत. "सांगू नोको म्हनलं ना?"

वरचा पेपर उत्तम गेला. शिष्यवृत्ती मिळाली. सरांनी शाळेत पेढे वाटले आणि संस्कृतच्या सरांना मुद्दाम दोन दिले. "माही पोरगी हाय," असं ज्याला त्याला सांगितलं. कॉलेजसाठी मी अमरावतीला निघाले तेव्हा स्टेशनवर आले होते. बाबांच्या देखत म्हणाले, "म्याच नेऊन देली त्याच्या दारात. आता त्याची झाली," आणि गाडी हलायच्या आधीच फलाटावरून चालते झाले.

तो आजार मला त्यांच्याकडूनच लागला असावा. पहिल्या दिवाळीच्या सुटीत मोठ्या हौसेनं शाळेत गेले. पश्चिमेची खिडकी लावलेली होती आणि माझ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. सर तिच्याकडे पाहून "हं, जमून राहिलं" म्हणाले. इतकं साधं वाक्य, पण ते माझं होतं! त्या मुलीचं वाचन मला अजिबात आवडलं नाही. तास संपल्यावर मी सरांना म्हटलं, "नवी मुलगी बरी आहे. जरा घाई करते." सर माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग इतके खूश झाले की तसे मी त्यांना निकालाच्या दिवशीही पाहिले नव्हते. "जळली वाटते पोरगी!" ते म्हणाले. "जळ, जळ. बरं असते ते."

कॉलेजच्या वर्षांत आणि नंतर अचलपूरच्या शाळेत फारसी शिकवायला लागल्यावरही मी मौलवीसाहेबांकडे जात राहिले. सरांकडेही जात राहिले. ते सगळं विचारत, नोकरीचं, घरचं, वर्गात मुलं किती टिकतात ते. अमरावतीचा विषय निघेल असं वाटलं की ते टोपी उचलून उठत. मौलवीसाहेब वारले तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही. वचन होतं.

सर थकून तेल्हाऱ्याला भावांकडे राहायला गेले. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत त्यांना पाहायला गेले तर ओसरीवर खाटेवर पडलेले, शेजारी कापसाची गंजी. ते हात आता नुसत्या शिरा झाले होते. भावजयीनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. इकडचं तिकडचं झालं आणि मग ते एकदम म्हणाले, "आता सांग."

"काय सर?"

"अमरावतीचं. तो माह्याबद्दल कधी काही म्हने काय?"

मी सांगितलं. मौलवीसाहेब खिडकी सरांसाठी उघडी ठेवत होते, ओळ दोनदा म्हणत होते, हे सांगितलं. "ते मले मालूम व्हतं," सर म्हणाले. मग मी शेवटच्या रविवारचं सांगितलं, जसं मौलवीसाहेब म्हणाले होते तसंच्या तसं. सरांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग हसू लागले, हसता हसता खोकू लागले, खोकता खोकता भावजयीला हाक मारली. "आयकलं काय वं? अमरावतीचा मौलवी माह्यावर जळे! माह्यावर!" भावजयीला काही कळलं नाही, तरी तीही हसली.

"तिकडं जाशीन त त्याले सांगजो," सर डोळे पुसत म्हणाले. "म्हनाव, ताथोड बी तुमच्यावर लय जळला."

आता सांगणं भाग होतं. "ते गेले सर. मागच्या उन्हाळ्यात."

सरांचा चेहरा उतरत गेला. "काहून नाही सांगतलं?"

"तुम्हीच म्हणाला होतात."

"हां. म्याच म्हनलं व्हतं." ते कापसाच्या गंजीकडे पाहत राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "एक डाव चहा घ्याले पायजे व्हता."

वेचणी संपायच्या आत सर गेले. त्यांच्यानंतर मला पुष्कळ चांगली माणसं भेटली. माझं वाचन ऐकून कौतुक करणारी भेटली, मान देणारी भेटली. पण दुसऱ्या कोणी मला "माझी विद्यार्थिनी" म्हटलं की ज्याच्या काळजात कळ उठावी, असा माणूस मला एकच मिळाला होता.